आकाशातून नेट, पण पारसिकपर्यंतच

ठाणे ते कल्याण हा रेल्वेमार्ग जेमतेम वीस किलोमीटरचा. तेवढ्यात चौथ्या सीटवर कसाबसा टेकलेला माणूसही वेबमालिकेचा अर्धा भाग उरकू पाहतो आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं की वैतागतो. अलीकडे अशा वेळी डब्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘स्टारलिंक येऊ द्या, मग बघा!’ जून २०२५ मध्ये उपग्रहांवरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकला केंद्राच्या दूरसंचार विभागाचा परवाना मिळाला, नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारने कंपनीशी इरादापत्र केलं आणि आशा आणखी वाढली. पण तेव्हा सरकारने नावं घेतली ती गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशीमची. त्यात ठाणे जिल्हा नव्हता, आणि विज्ञानाच्या बाजूने पाहिलं तर ते बरोबरच होतं.

धावत्या गाडीत उपग्रहाचं नेट टिकणार कसं, ही पहिली शंका. खरं तर गाडीचा वेग ही अडचणच नाही. जुने दळणवळण उपग्रह सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. त्यांच्यामार्फत प्रश्न जाऊन उत्तर परत यायला प्रकाशाच्या वेगानेही जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर आहेत, त्यामुळे हा फेरा काही मिलिसेकंदांचा होतो. मात्र इतक्या खालच्या कक्षेत टिकायचं तर ताशी २७ हजार किलोमीटरने पळावं लागतं. एकेक उपग्रह काही मिनिटांत नजरेआड होतो, आणि कोणत्या अँटेनाने कोणत्या उपग्रहाशी बोलायचं याची फेरवाटणी दर १५ सेकंदांनी होते. या धावपळीपुढे ताशी १०० किलोमीटरने जाणारी कल्याण फास्ट उभीच म्हणायची. फ्लोरिडातल्या ब्राइटलाइनच्या गाड्यांवर २०२३ पासून ही सेवा आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या विरळ वस्तीच्या मार्गांवर २०२५ मध्ये तिची चाचणी झाली.

विरळ वस्ती हा शब्द महत्त्वाचा, कारण सगळं अडतं ते गर्दीपाशी. उपग्रह जमिनीवर झोत टाकतो तो वीसेक किलोमीटर रुंदीच्या घरांमध्ये (‘सेल’मध्ये). म्हणजे ठाणे ते कल्याण हा सगळा पट्टा एखाद-दुसऱ्या घरात मावतो. त्या घरात धावणाऱ्या सगळ्या लोकल, मेल-एक्स्प्रेस आणि शिवाय गच्चीवर डिश लावून बसलेली मंडळी एकाच क्षमतेचे वाटेकरी. १२ डब्यांच्या लोकलमध्ये ऐन गर्दीला चार-पाच हजार माणसं असतात. छतावरच्या अँटेनाला सेकंदाला २०० मेगाबिट मिळाले असं धरू. गाडीतल्या हजार जणांनी एकदम नेट उघडलं तरी प्रत्येकाच्या वाट्याला ०.२ मेगाबिट येतात. एवढ्यात व्हॉट्सॲपचा मजकूर जाईल, व्हिडिओ नाही.

मोबाइलचा टॉवर गुदमरतो तोही गर्दीनेच. शिवाय गाडी पुढे सरकली की हजारो फोन जवळजवळ एकाच क्षणी एका टॉवरवरून दुसऱ्यावर उड्या मारतात. पण जमिनीवर टॉवर वाढवता येतात, फलाटाच्या खांबावर लहान अँटेना बसवता येते. आकाशातून पडणारं घर डोंबिवलीसाठी लहान करून मिळत नाही.

आपल्या रेल्वेने हा धडा एकदा गिरवलाही आहे. २०१३ मध्ये हावडा राजधानीत उपग्रहामार्फत वाय-फायचा प्रयोग सुरू झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी लोकसभेत लेखी उत्तरात सांगितलं, की भांडवली खर्च मोठा, बँडविड्थचा खर्च कायमचा आणि प्रवाशांना मिळणारी बँडविड्थ अपुरी, म्हणून तो प्रकल्प सोडून दिला. तेव्हापासून तंत्र बरंच सुधारलं आहे, हे खरं. पण राजधानीत निदान दारापर्यंत माणसं उभी नसतात.

दुसरी गोष्ट मोकळ्या आकाशाची. अँटेनाला डोक्यावरचा मोठा तुकडा उघडा लागतो. आपल्याकडे फलाटांवर पत्रे, त्यांच्यावर पादचारी पूल, कोपरला तर वरून दिवा-वसई मार्गच जातो. गाडी थांबते ती नेमकी अशा आडोशाखाली. छताच्या वर २५ हजार व्होल्टची ओव्हरहेड वायर, त्यामुळे डिशवरची धूळ पुसायलाही आधी वीज बंद करावी लागणार. आणि १९१६ पासूनचा, १.३ किलोमीटर लांबीचा पारसिक बोगदा. ताशी ६० किलोमीटरने जाणारी एक्स्प्रेस त्यात ७८ सेकंद असते आणि तेवढा वेळ उपग्रह असून नसल्यासारखा. तिथे रूढ उपाय असा : भिंतीने केबल टाकायची आणि तिच्यातून वाटभर सिग्नल झिरपू द्यायचा. कल्याणच्या पुढे वस्ती विरळ होते, उपग्रहाला वाव मिळतो. पण कसारा आणि बोरघाटात पुन्हा बोगदेच.

राहिला पाऊस. या सेवेच्या लहरींची लांबी अडीच सेंटीमीटरच्या आसपास असते आणि मोठ्या थेंबांची दाट सर त्यांची ताकद शोषते, विखुरते. रिमझिम चालते, जुलैतली कोसळधार नाही. तरीही मला उपग्रहाची बाजू घ्यावीशी वाटते ती पावसामुळेच. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली. सुमारे १,०५० प्रवाशांची सुटका करावी लागली. अशा पुरात टॉवरची वीज गेली तर गाडी बेट होते. उघड्यावर उभ्या गाडीच्या छतावर डिश असेल, तर सर ओसरताच कंट्रोलला संदेश जाईल. त्याला २०० मेगाबिट लागत नाहीत.

थोडक्या माहितीसाठी उपग्रह किती भरवशाचा, हे रेल्वेत रोज दिसतंच. इस्रोच्या मदतीने इंजिनांवर बसवलेली ‘आरटीआयएस’ यंत्रणा दर ३० सेकंदांनी गाडीचा ठावठिकाणा कळवते. गाडी कुठे आली हे आपण फोनवर बघतो, त्यामागे अनेक गाड्यांच्या बाबतीत हीच यंत्रणा असते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ठाणे-कल्याण पट्ट्यात पैसा घालायचा तो फलाटांवरच्या छोट्या अँटेनांत आणि पारसिकच्या केबलमध्ये. उपग्रहाची डिश हवी ती कल्याणपुढे जाणाऱ्या मेल-एक्स्प्रेसवर, मोबाइलच्या जोडीला, आणि आधी ट्रेन मॅनेजर (गार्ड) आणि लोको पायलटच्या कामासाठी. उद्या लोकलमध्ये उपग्रह इंटरनेटची घोषणा झाली तर त्याचा वेग विचारू नका. एका गाडीला किती मेगाबिट आणि ते किती जणांत, एवढंच विचारा.