‘तुमच्या कार्टमध्ये काहीतरी राहिलंय!’ हा मेसेज नेमका सुटतो कसा?

ऑनलाइन दुकानात कुर्ता कार्टमध्ये टाकलात, पत्ता भरलात आणि पेमेंटच्या पानावरून मागे फिरलात. तासाभराने मेसेज हजर: ‘तुमच्या कार्टमध्ये काहीतरी राहिलंय!’ हा मेसेज कोणी माणूस पाठवत नाही, हे आपल्याला माहीत असतं. पण तुम्ही खरेदी अर्धवट सोडली, हे सॉफ्टवेअरला कळतं कसं?

खरं सांगायचं तर कळत नाही. ‘मी चाललो’ असं बटण कुठल्याच साइटवर नसतं. साइट मार्केटिंग सॉफ्टवेअरला फक्त घडलेल्या गोष्टी कळवू शकते: चेकआउट सुरू झालं, ऑर्डर आली. अशा प्रत्येक नोंदीला इव्हेंट म्हणतात, आणि ज्या इव्हेंटमुळे वर्कफ्लो सुरू होतो तो ट्रिगर. न घडलेल्या गोष्टीचा इव्हेंट येणार कुठून?

म्हणून इथे ट्रिगर असतो ‘चेकआउट सुरू झालं’ हा. म्हणजे दोन मिनिटांत पैसे भरणारा ग्राहकसुद्धा या वर्कफ्लोमध्ये शिरतो. मग सॉफ्टवेअर ठरलेला वेळ थांबतं, समजा एक तास, आणि मेसेज पाठवायच्या आधी तपासतं: मधल्या वेळात ऑर्डर आली का? आली असेल तर ग्राहक बाहेर, नसेल तर मेसेज. क्लाव्हियोमध्ये हीच अट ‘या फ्लोत आल्यापासून ऑर्डर दिली: शून्य वेळा’ अशा फिल्टरने लावतात. थोडक्यात, खरा निर्णय ट्रिगर घेत नाही, ही तपासणी घेते. आणि गडबड बहुतेक वेळा इथेच होते.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरी. तपासणी ‘पेमेंट यशस्वी’ या इव्हेंटवर लावली असेल, तर सीओडीवाल्या ग्राहकाचं काय? त्याचे पैसे पार्सल दारात आल्यावर मिळणार. सॉफ्टवेअरच्या लेखी त्याने काहीच घेतलेलं नाही, म्हणून त्यालाही मेसेज जातो. तो गोंधळतो, ‘ऑर्डर गेलीच नाही वाटतं’ म्हणून पुन्हा ऑर्डर करतो. दोन पार्सलं निघतात, एक परत येतं, आणि जाण्यायेण्याचा कुरिअर खर्च बसतो दुकानदाराच्या डोक्यावर. यूपीआयचं पेमेंट ‘पेंडिंग’मध्ये अडकलं तरी हाच प्रकार. त्यामुळे तपासणी ‘ऑर्डर तयार झाली’ या इव्हेंटवरच लावा, पेमेंटवर नको.

दुसरा घोळ एकच इव्हेंट दोनदा येण्याचा. इव्हेंट सहसा वेबहूकने येतात, आणि समोरच्या सर्व्हरने वेळेत उत्तर दिलं नाही तर पाठवणारा तोच इव्हेंट पुन्हा पाठवतो. स्ट्राइपच्या डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. उपाय सोपा आहे: प्रत्येक इव्हेंटचा आयडी साठवायचा, आणि आधी आलेला दिसला की सोडून द्यायचा.

एकच माणूस वर्कफ्लोमध्ये पुन्हा येऊ शकतो का, हेही ठरवावं लागतं. हबस्पॉटमध्ये मुळात एक कॉन्टॅक्ट एकदाच आत येतो. पुन्हा यायचं तर ते सेटिंग वेगळं चालू करावं लागतं. ते राहिलं, तर पुढच्या महिन्यात कार्ट सोडणाऱ्याला काहीच जाणार नाही. उलट मोकळीक दिली आणि वेळेचं अंतर ठेवलं नाही, तर दिवसात पाच वेळा चेकआउट उघडणाऱ्याला पाच मेसेज. (तो मग ब्लॉकच करणार, त्याचं काय चुकलं?)

‘९० दिवस खरेदी नाही’ अशा अटीवर चालणारा वर्कफ्लो सुरू करताना आणखी जपा. त्या क्षणी अट पूर्ण करणारे जुने ग्राहक हजारोंनी असू शकतात. ‘आधीचे कॉन्टॅक्टही घ्यायचे का?’ या प्रश्नाला घाईत ‘हो’ म्हटलंत, तर सगळ्यांना एकदम मेसेज जातील.

आणि ट्रिगर बरोबर चालला म्हणजे मेसेज पोचलाच असं नाही. भारतात एसएमएसचा मजकूर डीएलटीवर नोंदवलेल्या टेम्प्लेटशी जुळला नाही, तर ऑपरेटर तो अडवतो. व्हॉट्सॲपवर ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजला २४ तास उलटले की मंजूर टेम्प्लेटच पाठवता येतं. वर्कफ्लोच्या रिपोर्टमध्ये मात्र ही पायरी ‘पूर्ण’ दिसू शकते, म्हणून डिलिव्हरीचा रिपोर्ट वेगळा उघडून बघा.