जुने बेसबॉल कार्ड ओळखायचे कसे?

आपल्या वर्गातली बरीच मुले बेसबॉल कार्डे जमवतात. गराज सेलमध्ये बुटांच्या खोक्यात भरलेली जुनी कार्डे मिळाली की पहिला प्रश्न येतो, "याचे किती डॉलर येतील?" पण त्याच्याही आधीचा प्रश्न आहे, "हे नक्की कुठले कार्ड आहे?" त्याचे उत्तर कार्डावर छापलेले असतेच असे नाही. ते संदर्भग्रंथात शोधावे लागते. या ग्रंथांची ही थोडक्यात ओळख, मुलांसाठी आणि पालकांसाठीही.

१९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेटच्या पाकिटांतून खेळाडूंची छोटी रंगीत कार्डे वाटली. पुढे चित्र, खेळाडूचे नाव आणि शहर. मागे सिगारेटची जाहिरात. कार्डावर ना साल, ना क्रमांक. मग दोन संग्राहकांनी पत्रातून एकमेकांशी बोलायचे तरी कसे?

ही अडचण सोडवली न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज गावच्या जेफरसन बर्डिक यांनी (१९००-१९६३). ते प्राध्यापक नव्हते, कारखान्यात काम करत. त्यांनी १९३९ साली कार्डांची सूची छापली. तीच पुढे 'द अमेरिकन कार्ड कॅटलॉग' या नावाने प्रसिद्ध झाली. त्यांनी प्रत्येक संचाला एक अक्षर आणि एक आकडा दिला. 'एन' म्हणजे एकोणिसाव्या शतकातली तंबाखूची कार्डे, 'टी' म्हणजे विसाव्या शतकातली, 'ई' म्हणजे सुरुवातीच्या काळातली गोळ्या-चॉकलेटची, आणि 'आर' म्हणजे त्यानंतरची, बहुतेक च्युइंगगमबरोबर आलेली. वर सांगितलेल्या सिगारेटच्या कार्डांना त्यांनी नाव दिले टी २०६. आजही जगभर तेच नाव चालते.

आमच्यासारख्या डेटाबेसचे काम करणाऱ्यांना या पद्धतीचे फार कौतुक वाटते. एका संचाला एकच नाव. हा नियम बर्डिक यांनी कॉम्प्युटरशिवाय, घरी बसून पाळला. संधिवाताने हात आखडलेले असतानाही त्यांनी आपला तीन लाखांहून अधिक वस्तूंचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला आणि स्वतः तिथे जाऊन तो आल्बममध्ये चिकटवला. त्यात सुमारे तीस हजार बेसबॉल कार्डे आहेत. १९६३ च्या जानेवारीत काम संपले, आणि मार्चमध्ये ते वारले.

सूचीमुळे काय नाही तेही कळते. १९३३ साली गाउडी कंपनीने एक सेंटच्या गमबरोबर २४० कार्डांचा संच काढला (बर्डिक यांचा आर ३१९). मुले गम विकत घेत राहिली, पण १०६ क्रमांकाचे कार्ड कोणालाच मिळेना. मिळणार कुठून? ते छापलेच नव्हते! तक्रारीची पत्रे आल्यावर १९३४ साली कंपनीने नॅप लाजवे या खेळाडूचे १०६ क्रमांकाचे कार्ड छापले आणि पत्र लिहिणाऱ्यांना टपालाने पाठवले. म्हणून ते आज इतके दुर्मिळ आहे.

बर्डिक यांच्यानंतर ग्रंथांचे दोन प्रकार झाले. पहिला प्रकार वर्णनाचा. ल्यू लिप्सेट यांचा तीन खंडांचा 'एन्सायक्लोपीडिया ऑफ बेसबॉल कार्ड्स' (१९८० चे दशक) हा त्यातला नावाजलेला. एकोणिसाव्या शतकातली, गोळ्या आणि गमची, आणि विसाव्या शतकातली तंबाखूची अशी त्याची विभागणी आहे. दुसरा प्रकार किमतींचा. जेम्स बेकेट हे संख्याशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी व्यापाऱ्यांना आणि संग्राहकांना भाव विचारून माहिती गोळा केली आणि १९७९ साली डेनिस एक्स यांच्याबरोबर किमतींचे पुस्तक काढले. क्राउझ प्रकाशनाचा जाडजूड 'स्टँडर्ड कॅटलॉग' १९८८ पासून निघू लागला. त्यात याद्या, मापे आणि किमती असे सगळे एकत्र मिळते.

आता पालकांसाठी महत्त्वाचे. अशा पुस्तकातली यादी आणि मापे शिळी होत नाहीत, किमती मात्र होतात. १९८० च्या दशकाच्या शेवटी आणि १९९० च्या सुरुवातीला कंपन्यांनी अफाट कार्डे छापली. मुलांच्या कॉलेजच्या खर्चाला होतील म्हणून अनेक कुटुंबांनी खोकीच्या खोकी घेऊन ठेवली. त्या वेळच्या पुस्तकातला भाव आज दाखवला तर बहुतेक कार्डांना तो कोणी देणार नाही. उलट १९५२ सालचे टॉप्स कंपनीचे मिकी मँटलचे कार्ड (क्रमांक ३११) २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरला गेले. म्हणून भाव पाहायचा तो अलीकडे प्रत्यक्ष झालेल्या विक्रीचा, आणि तोही तशाच स्थितीतल्या कार्डाचा. कोपरे झिजलेले आणि कोरे करकरीत कार्ड यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

मुलांनो, मापे का पाहायची तेही सांगतो. वर्गात शिकलेले पाव, पाऊण, अडीच इथे उपयोगी पडतात. १९५२ चे अस्सल टॉप्स कार्ड पावणेचार इंच उंच आणि २ ५/८ इंच रुंद असते. त्याच कंपनीने १९८३ साली त्या संचाची नवी आवृत्ती काढली. ते कार्ड साडेतीन इंच उंच आणि अडीच इंच रुंद. चित्र तेच, पण पट्टी लावली की कळते. जुन्या कार्डाचे माप पुस्तकापेक्षा कमी भरले, तर झिजलेली कड कोणी कापली असण्याचीही शंका घ्यावी. टी २०६ मधले होनस वॅग्नरचे सर्वांत प्रसिद्ध कार्ड तज्ज्ञ कंपनीकडून उत्तम ठरले होते. पण आपण त्याच्या कडा कापल्या होत्या अशी कबुली ते विकणाऱ्या व्यापाऱ्याने २०१३ साली दिली.

तेव्हा कोणी जुने कार्ड विकायला आणले, तर पैसे काढण्यापूर्वी चार गोष्टी पाहा: संच कुठला, क्रमांक कोणता, माप बरोबर आहे का, आणि मागची बाजू पुस्तकातल्या वर्णनाशी जुळते का. जुन्या आवृत्त्या लायब्ररीच्या पुस्तकविक्रीत पुष्कळदा स्वस्तात मिळतात. किमतींचे रकाने सोडून द्या, बाकीचे सगळे कामाचे आहे.

घरी करून पाहण्यासारखे: आपल्याकडची कार्डे, नाणी किंवा भारतातून आलेल्या पत्रांवरची तिकिटे घ्या आणि वहीत त्यांची मराठीत सूची करा. प्रत्येक वस्तूला क्रमांक, साल, माप आणि एका ओळीचे वर्णन द्या. किंमत लिहायचीच असेल तर पेन्सिलने लिहा.