‘बुद्ध असं म्हणाले’ हे कशावरून? ऐकून टिकलेल्या सुत्तांची गोष्ट

आषाढी एकादशीला संत मुक्ताईची पालखी पंढरपुरात असते. त्यानंतर चार-पाच दिवसांत आषाढ पौर्णिमा येते आणि मुक्ताईनगर-भुसावळपासून नागपूरपर्यंत बुद्धविहारांमध्ये एक वाचन सुरू होतं. लोक जमतात, त्रिसरण-पंचशील होतं, मग एक जण मोठ्याने वाचतो आणि बाकीचे ऐकतात. रोज थोडं थोडं, आश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे तब्बल तीन महिने.

प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना लोक एकत्र बसून पुस्तक का ऐकतात? नेमकं काय ऐकतात? आणि जे ऐकलं ते खरंच बुद्धांचं आहे, हे कसं ठरवायचं? समजून घेऊया.

वर्षावास म्हणजे काय?

बुद्धांच्या काळात भिक्खू गावोगाव फिरत असत. विनयपिटकातल्या कथेनुसार, पावसाळ्यातही ते फिरतात, कोवळं गवत आणि बारीक जीव त्यांच्या पायाखाली येतात, अशी लोकांनी तक्रार केली. त्यावरून पावसाळ्यातले तीन महिने भिक्खूंनी एकाच ठिकाणी राहायचं, असा नियम झाला. तोच वर्षावास. भिक्खू एका जागी थांबले की आसपासच्या लोकांना धम्म ऐकायची संधी मिळायची.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली. प्रत्येक गावात भिक्खू असणं काही शक्य नव्हतं. आज अनेक विहारांमध्ये वाचणारेही उपासक-उपासिकाच असतात.

वाचतात ते पुस्तक कोणतं?

बहुतेक ठिकाणी बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’. मूळ इंग्रजी ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ खंड, छोटी प्रकरणं आणि क्रमांक दिलेली लहान लहान वाक्यं, अशी त्याची मांडणी आहे. त्यामुळे आज कुठे थांबलो आणि उद्या कुठून सुरू करायचं, हे सहज कळतं.

इथे एक फरक लक्षात घ्या. हा ग्रंथ म्हणजे त्रिपिटक नाही. बाबासाहेबांनी पाली आणि इतर बौद्ध साहित्यातून निवड केली आणि आपल्या विचाराने ती मांडली. उदाहरणार्थ, म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडलं, ही प्रसिद्ध कथा त्यांनी नाकारली. त्यांच्या मांडणीत कारण आहे शाक्य आणि कोलीय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा वाद.

मग मूळ त्रिपिटक कुठून आलं?

तेही ऐकूनच आलं. बुद्धांनी स्वतः काही लिहून ठेवलं नाही. परंपरेनुसार त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर काही महिन्यांतच राजगृहात महाकस्सपांच्या पुढाकाराने भिक्खू जमले. उपालींनी संघाचे नियम सांगितले, आनंदांनी उपदेश सांगितले आणि सगळ्यांनी मिळून ते म्हटले. या सभेला ‘संगीती’ म्हणतात. संगीती म्हणजे एकत्र म्हणणं. म्हणूनच बहुतेक सुत्तांची सुरुवात, हे आपण असं ऐकलं आहे, या अर्थाच्या शब्दांनी होते.

पुढे पाठांतराची वाटणी झाली. दीघ निकाय पाठ असणारे ते दीघभाणक, मज्झिम निकाय पाठ असणारे ते मज्झिमभाणक. एकाच गटातले अनेक जण एकत्र म्हणत असल्यामुळे कुणाचा शब्द चुकला तर लगेच कळायचं. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात श्रीलंकेत वट्टगामणी राजाच्या काळात त्रिपिटक लिहून काढलं गेलं. म्हणजे त्याआधीची तीन-चार शतकं ते फक्त माणसांच्या तोंडी आणि कानी होतं.

खुद्द सम्राट अशोकानेही ऐकण्यावरच भर दिला होता. राजस्थानातल्या बैराटजवळ सापडलेल्या शिलालेखात त्याने धम्माच्या सात पाठांची नावं दिली आहेत. भिक्खू, भिक्खुणी, उपासक आणि उपासिका यांनी ते वारंवार ऐकावेत आणि मनात ठेवावेत, असं त्याने सांगितलं आहे.

तेच तेच पुन्हा का येतं?

सुत्त पहिल्यांदा वाचणाऱ्याला कंटाळा येतो. एकच परिच्छेद चार-चार वेळा, फक्त एखादा शब्द बदलून. छापताना तर ही पुनरावृत्ती गाळून तिथे नुसतं ‘पे’ लिहितात, म्हणजे ‘वरीलप्रमाणेच’. पण हे साहित्य डोळ्यांसाठी घडलेलंच नव्हतं. ऐकणाऱ्याला मागचं पान उलटता येत नाही, म्हणून मुद्दा पुन्हा सांगावा लागतो. चार आर्यसत्यं, पाच शीलं, आठ अंगांचा मार्ग ही आकड्यांची रचनाही लक्षात ठेवण्यासाठी सोयीची. अंगुत्तर निकाय तर पूर्णच आकड्यांवर रचला आहे. आधी एक-एक गोष्टीची सुत्तं, मग दोन-दोनची, असं अकरापर्यंत.

मराठी कानाला पाली फार परकीही वाटत नाही. ‘हत्थ’ म्हणजे हात, ‘कम्म’ म्हणजे काम, ‘अट्ठ’ म्हणजे आठ. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना एकाच निर्णयात अभिजात भाषेचा दर्जा दिला.

ऐकलेलं खरं कशावरून?

हा प्रश्न आपल्या मोबाइलवर रोज येतो. बुद्धांचा फोटो, खाली एक वाक्य आणि शेवटी ‘गौतम बुद्ध’. गंमत म्हणजे, या प्रश्नावरचा नियम त्रिपिटकातच आहे.

अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेणीतली पहुडलेल्या बुद्धांची भव्य मूर्ती तुम्ही पाहिली असेल. त्या महापरिनिर्वाणाची आणि त्याआधीच्या शेवटच्या प्रवासाची हकिकत ‘महापरिनिब्बान सुत्ता’त आहे. त्या प्रवासात भोगनगर इथे बुद्धांनी चार कसोट्या सांगितल्या. कुणी म्हणेल की हे मी थेट बुद्धांकडून ऐकलं. कुणी संघाचं नाव सांगेल, कुणी अनेक विद्वान थेरांचं, तर कुणी एका थेराचं. चारही वेळी करायचं तेच. लगेच मान डोलवायची नाही आणि लगेच झिडकारायचंही नाही. शब्द नीट ऐकून घ्यायचे, सुत्त आणि विनयाशी ताडून पाहायचे आणि जुळले तरच स्वीकारायचे.

बाबासाहेबांनीही आपल्या ग्रंथात हा प्रश्न घेतला आहे. बुद्धांच्या हयातीतच त्यांचं म्हणणं चुकीचं सांगितलं गेल्याची पाच उदाहरणं ते देतात. त्यातलं एक अरिट्ठ नावाच्या भिक्खूचं. मग ते स्वतःची कसोटी मांडतात. बुद्ध तर्कनिष्ठ होते, म्हणून जे तर्काला धरून आहे ते त्यांचं मानता येईल. आणि माणसाच्या कल्याणाशी ज्याचा संबंध नाही, अशा चर्चेत बुद्ध पडले नाहीत.

केसपुत्त गावच्या कालामांना दिलेला उपदेश तर अनेकांना माहीत असतो. केवळ ऐकीव आहे, परंपरा आहे किंवा ग्रंथात आहे म्हणून मानू नका. मात्र फॉरवर्डमध्ये त्याचा अर्धाच भाग फिरतो. केवळ तर्क किंवा स्वतःच्या मताशी जुळतं एवढ्यावरही मानू नका, हेही त्याच यादीत आहे. ते आचरल्याने अहित होतं की हित, हे स्वतः जाणून घ्या आणि सुज्ञ लोक त्याला काय म्हणतात तेही बघा, असं ते सुत्त सांगतं.

मोबाइलवर ऐकायचं असेल तर?

ऑडिओ साधारण तीन प्रकारचे असतात. मूळ पालीतलं पठण, मराठी अनुवादाचं वाचन आणि कुणाचं तरी प्रवचन. आपण यातलं काय ऐकतोय, हे आधी ओळखा. मग तीन गोष्टी शोधा. सुत्ताचं नाव काय, ते कोणत्या निकायातलं आणि अनुवाद कुणाचा? यातलं काहीच सापडत नसेल, तर ऐकायला हरकत नाही, पण ‘बुद्ध म्हणाले’ म्हणून पुढे पाठवू नका. पडताळणीसाठी इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने पाली त्रिपिटक देवनागरीत इंटरनेटवर मोफत ठेवलं आहे.

सुरुवात लहान पाठांनी करा. मंगल सुत्त आणि मेत्त सुत्त काही मिनिटांत होतात. दोन्ही सुत्तनिपातात आहेत, आणि त्याचा मराठी अनुवाद गोव्यात जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी केला आहे. आईवडील-मुलं, नवरा-बायको, मालक-नोकर यांनी एकमेकांशी कसं वागावं, हे ऐकायचं असेल तर दीघ निकायातलं सिगालोवाद सुत्त घ्या.

आणि पुढच्या आषाढ पौर्णिमेनंतर जवळच्या विहारात एकदा जाऊन बसा. ऑडिओला प्रश्न विचारता येत नाही. तिथे वाचन संपलं की वाचणाऱ्यालाच विचारता येतं, हे कुठल्या सुत्तातलं?