लोककलेचे अनुदान : दुर्ग ते गोंदिया

छत्तीसगडमधील कुरुद हे आज भिलाईच्या नागरी वस्तीत मिसळून गेले असले, तरी त्याच्या भोवतीचा दुर्ग-राजनांदगाव टापू नाचा आणि पंडवानी या लोककलांचे माहेर आहे. येथून मुंबईच्या दिशेने निघालेली आगगाडी गोंदियात पोहोचते आणि खडी गंमत या लोकनाट्याचा मुलूख सुरू होतो. नाच्याच्या जुन्या ‘खडे साज’ प्रकारात वादक कमरेला वाद्ये बांधून रात्रभर उभ्याने साथ करीत. खडी गंमतीचा खेळही असाच उभ्याने रंगतो. नाच्यातील परीला, म्हणजे स्त्रीवेषातील नर्तकाला, प्रेक्षकांकडून बक्षिसी म्हणून मिळणारा मोंजरा आणि तमाशातील दौलतजादा यांचेही नाते उघड आहे. 1854 पर्यंत हा सारा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता, हे लक्षात घेता या साम्याचे नवल वाटत नाही.

या कलांचा पहिला आश्रयदाता मालगुजार, म्हणजे गावचा जमीनदार, होता. रवेलीचे दाऊ मंदराजी यांचे उदाहरण या संदर्भात आदराने सांगितले पाहिजे. विखुरलेल्या कलावंतांना एकत्र आणून त्यांनी नाच्याची संघटित मंडळी उभारली, चिकारा या तंतुवाद्याच्या जागी हार्मोनियम आणले आणि या ध्यासापायी आपली मालमत्ता खर्ची घातली. 1984 मध्ये त्यांचे निधन झाले. आज राज्य शासन लोककलेसाठी त्यांच्याच नावाने सन्मान देते. जो आधार कलेला हवा होता तो एका व्यक्तीने सर्वस्व देऊन पुरवला, यात जुन्या व्यवस्थेचे मोठेपण आहे आणि तिची मर्यादाही आहे.

दुसरा आश्रयदाता अनपेक्षित होता. भिलाई पोलाद कारखान्याने लोककला महोत्सव भरवले आणि गनियारी गावी जन्मलेल्या पंडवानी गायिका तीजनबाई यांना नोकरी दिली. पुढे 2019 मध्ये त्या पद्मविभूषण झाल्या. महिन्याचा पगार हेही कलेचे अनुदानच होय, आणि माझ्या मते ते सर्वांत निर्वेध अनुदान आहे, कारण त्यासाठी दरवर्षी नव्याने अर्ज करावा लागत नाही.

स्थानिक स्वराज्य संस्थांचे या क्षेत्रातील स्थान 73व्या घटनादुरुस्तीने निश्चित केले. अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येणारे 29 विषय असून त्यांत 21वा ‘सांस्कृतिक कार्य’ आणि 22वा ‘बाजार व जत्रा’ हा आहे. शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीतही सांस्कृतिक बाबींना चालना देण्याचा विषय आहे. म्हणजे एखादे गाव महानगरात सामील झाले, तरी कायद्याच्या दृष्टीने तेथील कलेचे पालकत्व स्थानिक संस्थेकडेच राहू शकते. विषय आला, तरी त्याबरोबर पुरेसा पैसा आला नाही. प्रत्यक्षात पैसा राज्य शासनाचा असतो आणि स्थानिक संस्थेची भूमिका मुख्यतः अर्ज, पडताळणी व शिफारस यांची राहते.

महाराष्ट्रात या साहाय्याचे दोन ठळक प्रकार आहेत. पहिला प्रकार व्यक्तीसाठी आहे. वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची योजना 1954-55 पासून चालत आली असून आता तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे. पूर्वी राष्ट्रीय, राज्य व स्थानिक अशा तीन श्रेणींना अनुक्रमे 3,150, 2,700 व 2,250 रुपये मिळत. 2024 पासून सर्वांना दरमहा 5,000 रुपये मिळू लागले. श्रेणीभेद गेला, हे फार चांगले झाले. गावच्या देवळासमोर आयुष्यभर गायलेल्या माणसाची भूक राजधानीत गायलेल्याहून कमी नसते. छत्तीसगडनेही 2025 मध्ये गरजू कलावंतांचे मासिक साहाय्य 2,000 वरून 5,000 रुपये केले.

दुसरा प्रकार मंडळीसाठी आहे. सांस्कृतिक कार्य विभागाच्या योजनेत तमाशा, दशावतार, खडी गंमत, शाहिरी इत्यादींना भांडवली अनुदान आणि प्रयोग अनुदान अशी दोन अंगे आहेत. पहिल्यातून साहित्यसामग्रीची सोय व्हावी आणि दुसऱ्याने प्रत्यक्ष खेळाला हातभार लागावा, असा हेतू आहे.

खरी अडचण पुराव्याची असते. मानधनासाठी उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा आणि कलाक्षेत्रातील दीर्घ कार्याचे कागद लागतात. मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, रात्री चार खांबांवर कनात ताणून पहाटेपर्यंत उभ्याने ढोलकी वाजवणाऱ्याकडे ना हस्तपत्रक असते, ना वृत्तपत्रातील कात्रण. त्याची साक्ष गावच देऊ शकते. म्हणून ग्रामपंचायतीने प्रत्येक मंडईत कोणत्या मंडळीने खेळ केला आणि कोण कोण उभे राहिले, याची नोंद ठेवली, तर ती नोंद कित्येक हजारांच्या अनुदानाइतकी मोलाची ठरेल. यासाठी एका वहीपलीकडे खर्च नाही.

पंचायतींच्या पैशाचा प्रश्न मात्र उरतोच. इंग्लंडमध्ये 1948 च्या स्थानिक शासन कायद्याने करयोग्य मूल्याच्या दर पौंडामागे 6 पेन्सपर्यंतच्या कराचे उत्पन्न करमणुकीवर खर्च करण्याची मुभा स्थानिक संस्थांना दिली. आपल्या पंचायतींना केवळ विषय मिळाला, तेथे विषयाबरोबर खर्चाची अशी मुभाही मिळाली. तुलना करावी ती या मुद्द्यावर.

अनुदानाविना उभी राहिलेली कलाही याच पट्ट्यात आहे. गडचिरोलीतील वडसा हे केंद्र असलेली झाडीपट्टी रंगभूमी मंडईच्या हंगामात तिकीट लावून चालते. तिचे ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. पण हंगाम संपतो आणि वयही होते, तेव्हा तिकिटावर जगलेल्या नटालाही उत्पन्नाचा दाखला घेऊन त्याच मानधनासाठी अर्ज करावा लागतो.