बाबासाहेबांची पाक्षिके मोबाइलमध्ये आहेत, मग हवे ते पान सापडत का नाही?

किन्हवलीजवळच्या एका विहारात वर्षावासाचे प्रवचन संपल्यावर चहा चालला होता. एका आजोबांनी विचारले, "महाडला आपल्या शहापूर-मुरबाडकडून कोणी गेले होते का? बहिष्कृत भारतात काही छापून आले असेल ना?" कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाकडे त्या अंकांची पीडीएफ होती. त्याने शोधाच्या चौकटीत 'महाड' टाकले. काहीच मिळाले नाही. मग 'शहापूर' टाकले. तेही नाही. आजोबा म्हणाले, "म्हणजे छापलेच नाही."

हे वाक्य चुकीचे होते, आणि असे चुकीचे निष्कर्ष आपण रोज काढतो. बहिष्कृत भारतचा पहिला अंक ३ एप्रिल १९२७चा, म्हणजे चवदार तळ्याच्या घटनेनंतर दोनच आठवड्यांचा. त्यात महाड नसेल असे होणारच नाही. शोधयंत्राला ते दिसले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

का दिसले नाही, ते समजून घेऊ. आपल्याकडे फिरणाऱ्या बहुतेक जुन्या अंकांच्या पीडीएफ म्हणजे पानांचे फोटो असतात. आपल्या डोळ्यांना अक्षर दिसते, मोबाइलला फक्त काळे-पांढरे ठिपके दिसतात. लग्नाच्या फोटोत 'मामा' शोधण्यासारखेच ते. फोटोतली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करणारे तंत्र आहे, त्याला ओसीआर म्हणतात. गुगल ड्राइव्हमध्ये ते फुकट मिळते, टेसरॅक्ट नावाची मुक्त प्रणालीही मराठी वाचते. पण शंभर वर्षांपूर्वीचा झिजलेला टाइप, पलीकडच्या पानावरची उमटलेली शाई आणि जोडाक्षरे यांपुढे ते अडखळते. 'न्ह' ऐवजी 'न्ट' किंवा नुसता 'न' आला की किन्हवली हरवली.

दुसरी अडचण अलीकडची आहे. आपल्या चळवळीची अनेक मासिके, स्मरणिका, अहवाल १९९० नंतर संगणकावर जुळवले गेले, पण श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये. या फॉन्टमध्ये संगणक आतून इंग्रजी अक्षरेच साठवतो आणि वरून त्यांना मराठी रूप देतो. कागदावर छापले की सगळे ठीक. मजकूर उचलून दुसरीकडे टाकला की इंग्रजी अक्षरांचा आणि खुणांचा कचरा हातात येतो. या फायली आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात. बदलणारी साधने आहेत, पण त्यांच्या चुका माणसालाच तपासाव्या लागतात.

समजा, हे सगळे झाले. मजकूर स्वच्छ युनिकोडमध्ये आला. तरी 'शहापूर' टाकून सगळे मिळणार नाही, कारण मराठीत गावाचे नाव वाक्यात गेले की रूप बदलते. 'शहापूर'चे 'शहापुरात' होते, दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो आणि यंत्राच्या लेखी तो वेगळा शब्द ठरतो. 'ठाणे'चे 'ठाण्यास', 'कसारा'चे 'कसाऱ्याला'. म्हणून पूर्ण नाव टाकू नये, न बदलणारा तुकडा टाकावा: 'शहाप', 'ठाण', 'कसा'. अशाने नको ते निकालही येतील. बेळगावचे शहापूर तर येईलच. ते हाताने गाळावेत.

'कसाऱ्याला' मधला 'ऱ्य' ही तर स्वतंत्र डोकेदुखी आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाइप करता येते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आत मात्र वेगळे असतात. एकाने शोधले तर दुसरे सापडेलच असे नाही. आकड्यांचेही तसेच, देवनागरी १९२७ आणि इंग्रजी आकड्यांतले साल हे यंत्राला एक वाटेलच असे नाही.

त्यात शुद्धलेखनाची भर. १९६२च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधी 'गाव' हा 'गांव' होता आणि 'नाही' ही 'नाहीं' होती. आणि आपली आजची चूक तर आपल्याच विहारांच्या पाट्यांवर आहे: 'बौद्ध' असे लिहायचे तिथे सर्रास 'बौध्द' लिहिले जाते, 'बुद्ध'चे 'बुध्द' होते. आपल्या समाजाचे नावच दोन तऱ्हांनी साठवले गेले, तर अर्धी नोंद कायम दृष्टीआड राहणार. निदान आपण नवीन लिहिताना तरी द आधी आणि ध नंतर ठेवावा.

इथपर्यंतच्या अडचणी यंत्राच्या आहेत, आज ना उद्या सुटतील. खरी अडचण शब्दांची आहे. १९२७च्या अंकात आपल्या गावातली माणसे 'बौद्ध' म्हणून सापडणार नाहीत, धम्मदीक्षा व्हायला अजून एकोणतीस वर्षे होती. ती 'महार', 'अस्पृश्य', 'बहिष्कृत' म्हणून सापडतील. आजचा बौद्धवाडा तेव्हा 'महारवाडा' होता. वाचताना बोचते, पण शोधताना तोच शब्द टाकावा लागतो. महाडचेच पाहा. आपण 'सत्याग्रह' शोधतो. बाबासाहेबांच्या त्या वर्षीच्या अग्रलेखांच्या मथळ्यांत मात्र शब्द आहे 'धर्मसंगर'. आणि 'आजकालचे प्रश्न' किंवा 'प्रासंगिक विचार' या सदरांच्या मथळ्यावरून तर आत काय आहे याचा काहीच अंदाज येत नाही. पान वाचलेल्या माणसालाच ते ठाऊक.

म्हणूनच माझे मत असे, की आता आणखी स्कॅनिंगपेक्षा सूचीची गरज जास्त आहे. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचे लेखन-भाषणांचे खंड १९७९पासून काढले, मूकनायक आणि बहिष्कृत भारतचे अंक पुस्तकरूपात आले, ते गावोगावी पोचले. पण 'आमच्या तालुक्याचा उल्लेख कुठे' हे विचारायला आपल्या हातात काही नाही. ती सूची करायला संगणकाचे शिक्षण लागत नाही. एका वहीत किंवा मोबाइलच्या तक्त्यात अंकाची तारीख, पान, गावाचे आजच्या लेखनातले नाव, छापलेले नाव, माणसे, विषय आणि आजच्या भाषेतले दोन-तीन शब्द लिहायचे. 'धर्मसंगर'समोर 'महाड सत्याग्रह' लिहिले की पुढच्या माणसाचे काम झाले. हक्कांचीही आडकाठी नाही. बाबासाहेबांच्या निधनाला ६० वर्षे झाल्यावर, १ जानेवारी २०१७पासून त्यांचे लेखन सर्वांसाठी खुले झाले आहे. तपासलेला मजकूर मराठी विकिस्रोतावर ठेवता येतो, तिथे एकाने टाइप केलेले पान दुसरा तपासतो, ही पद्धत मला आवडते.

हीच सूची आपल्या गावशाखेच्या इतिवृत्ताच्या वह्यांनाही हवी. विहाराची जागा कोणी दिली, पहिली वर्गणी किती, कोणत्या ठरावाने कोणती प्रथा बंद केली, हे त्या वह्यांत असते. हस्ताक्षर यंत्राला धड वाचता येत नाही, तेव्हा तिथे हाताची सूची हाच उपाय. फक्त एक सांभाळावे. त्या वह्यांत घराघरांतले तंटे, दंड, सोडचिठ्ठ्याही असतात. त्यांची नोंद ठेवावी, पण ती पाने व्हॉट्सॲपवर फिरवू नयेत. ज्यांची भांडणे होती त्यांची नातवंडे गावातच राहतात.

त्या मुलाने वही घातली आहे. एका बाजूला छापलेला शब्द, दुसऱ्या बाजूला आपला. रात्री जेवण झाल्यावर चार पाने होतात, कधी दोनच. तो मे १९२७च्या अंकापर्यंत आला आहे. किन्हवली अजून आलेली नाही. आजोबा दर रविवारी विचारतात, कुठवर आलास.