मटासीला नाकं मुरडण्याआधी

भिलाई-दुर्गच्या आसपास शेतजमीन बघायला निघालेल्या माणसाला दलाल आधी मातीचा रंग सांगतो. "कन्हार आहे, डोळे मिटून घ्या." जमीन पिवळसर, बोटांना रवाळ लागणारी निघाली की त्याचाच सूर उतरतो. "मटासी आहे, स्वस्तात मिळेल." विदर्भातून इकडे येऊन स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना हे लगेच पटतं. वऱ्हाडातली कापसाची काळी रानं पाहिलेल्या माणसाच्या मनात काळी ती कसदार आणि हलकी ती दरिद्री, हे पक्कं बसलेलं असतं. मग ठरलेलं वाक्य येतं: "निचऱ्याची जमीन, पाणी धरतच नाही. चाळणी आहे नुसती!"

हे वाक्य चुकीचं आहे, आणि महागात पडणारं आहे. ते खरं मानून लोक चांगली मटासी सोडून देतात, नाहीतर तिच्यावर काळ्या मातीच्या ट्रॉल्या ओतत बसतात.

आधी मटासी म्हणजे काय ते पाहू. छत्तीसगढच्या मैदानातला शेतकरी मातीची चार नावं घेतो: भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार. ही नावं उताराशी बांधलेली आहेत. वरच्या माळावर मुरमाड, उथळ भाटा. तिच्याखाली उतारावर पिवळी मटासी. आणखी खाली करडी डोरसा. आणि तळाच्या सखल भागात भेगाळणारी काळी कन्हार. एकाच गावाच्या शिवारात चारही सापडतात. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयातल्या मृदाशास्त्रज्ञांच्या लेखनात यांची शास्त्रीय जोडी लावलेली असते. भाटा एंटिसॉल, मटासी इन्सेप्टिसॉल, डोरसा अल्फिसॉल, कन्हार व्हर्टिसॉल. मटासीचा पोत साधारणपणे वाळूमिश्रित पोयट्याचा, कुठे त्याहून थोडा भारी; कन्हारचा चिकणमातीचा.

वाळूमिश्रित पोयटा म्हणजे वाळू नव्हे. अमेरिकी कृषी खात्याच्या पोत-त्रिकोणात या वर्गात वाळू बहुधा निम्म्याहून जास्त असते, चिकणमाती वीस टक्क्यांच्या आत, आणि उरलेला भाग गाळाचा. ती थोडी चिकणमाती आणि तो गाळच पाणी आणि अन्नद्रव्यं धरून ठेवतात.

किती पाणी धरतात? के. ई. सॅक्स्टन आणि डब्ल्यू. जे. रॉल्स यांच्या २००६ सालच्या निबंधात वेगवेगळ्या पोतांचे आकडे आहेत. जोरदार पावसानंतर जादा पाणी निथळून गेलं की एक मीटर खोलीच्या चिकणमातीत सुमारे ४२० मिलिमीटर पाणी उरतं, वाळूमिश्रित पोयट्यात सुमारे १८०. इथेच लोक थांबतात आणि निकाल देऊन टाकतात. पण चिकणमातीतलं ३०० मिलिमीटर पाणी इतकं घट्ट धरलेलं असतं की मुळांना ते ओढताच येत नाही. पीक त्या पाण्यात उभं राहून कोमेजतं. वाळूमिश्रित पोयट्यात असं अडकलेलं पाणी फक्त ८० मिलिमीटर. वजाबाकी केली तर पिकाच्या हाती चिकणमातीत १२० आणि वाळूमिश्रित पोयट्यात १०० मिलिमीटर! चिकणमातीच्या जातीप्रमाणे आणि सेंद्रिय अंशाप्रमाणे आकडे पुढेमागे होतात. कन्हारचा आकडा याहून मोठाही असू शकतो, शिवाय ती बहुधा जास्त खोल असते. तरीही चाळणी म्हणण्याइतका फरक कुठेच नाही.

दुसरी गफलत 'उत्तम निचरा' या शब्दांची. मृदा सर्वेक्षणात निचऱ्याचे सात वर्ग मानतात. पाणी भराभर पळून जाणाऱ्या जमिनीसाठी 'अतिनिचरा' असा स्वतंत्र वर्ग आहे. उत्तम निचऱ्याची जमीन म्हणजे जादा पाणी वेळेवर सोडणारी, पण ओल गमावून न बसणारी. दुर्ग जिल्ह्यात वर्षाला साधारण हजार-बाराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. अन्न व कृषी संघटनेच्या सिंचन पुस्तिकेप्रमाणे वाळूमिश्रित पोयट्यात तासाला २० ते ३० मिलिमीटर पाणी मुरतं, चिकणमातीत १ ते ५. भर पावसाळ्यात पपईच्या मुळाशी दोन दिवस पाणी तुंबलं तर झाड जातं. याच जिल्ह्यातला धमधा परिसर टोमॅटोसाठी नावाजलेला आहे. त्या टोमॅटोलाही तुंबलेलं पाणी मानवत नाही. भुईमुगाच्या आऱ्या भुसभुशीत मातीतच सहज घुसतात. अशा पिकांना मटासी सोयीची, कन्हार जड.

कन्हारचं मोठेपण नाकारायचं कारण नाही. धानाच्या उभ्या पिकात लाखोळी फेकून उतेरा घ्यायचा तर ती ओल कन्हार-डोरसाच देऊ शकते. मटासीत हरभऱ्याला पाणी द्यावं लागतं. मटासीची खरी दुखणी वेगळी आहेत. चिकणमाती कमी असल्यानं ती अन्नद्रव्यं कमी धरते. युरियाची सगळी मात्रा एकदम टाकली तर नत्र पाण्याबरोबर खाली निघून जातं, म्हणून खत दोन-तीन हप्त्यांत द्यायचं. पाणीही थोडं थोडं, पण वारंवार.

आणि एक दुखणं माणसानं दिलेलं. वर्षानुवर्षं धानासाठी चिखलणी केलेल्या मटासीत नांगराच्या तळाखाली, वीतभर खोलीवर, कडक थर बसतो. धानाला तो हवाच असतो, कारण त्यावर पाणी उभं राहतं. पण त्याच बांधीत पुढे भाजीपाला लावला की मुळं त्या थरावर आडवी पसरतात आणि पाणी तुंबतं. पोत वाळूमिश्रित असूनही निचरा वाईट! म्हणून नुसत्या पोतावरून निचरा ठरवता येत नाही. मीटरभर खोल खड्डा घेऊन त्याची भिंत बघावी. माती सलग पिवळी किंवा तांबूस असेल तर निचरा ठीक. करडे पट्टे आणि गंजासारखे ठिपके वरच्याच भागात दिसले तर तिथे पाणी साचून राहतं.

काळ्या रंगाचा अर्थही लोक परस्पर लावतात. काळी म्हणजे सेंद्रिय पदार्थ भरपूर, असं नाही. भारतातल्या काळ्या जमिनींत सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याच्या आतच असतो. त्यांतल्या चिकणमातीशी एकजीव झालेला थोडासा ह्युमसही रंग गडद करतो. मटासीचा पिवळेपणा लोहाच्या सजल ऑक्साइडमुळे येतो. तो कस गेल्याची खूण नव्हे.

बाकीचे समज थोडक्यात. वाळू टाकून कन्हार हलकी होत नाही. पोत बदलायला लागणारी वाळू एकरी इतकी भरते की हिशेबच बसत नाही. शेणखतानं पोत बदलत नाही, मातीची घडण सुधारते, आणि तेच हवं असतं. पोलाद कारखान्याची मळी म्हणजे सरसकट विष, हेही खरं नाही: युरोपात थॉमस पद्धतीच्या भट्ट्यांची स्फुरदयुक्त मळी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून खत म्हणून वापरली गेली. चुनायुक्त मळी आम्ल भाट्याला उपयोगी पडू शकते, पण मातीची आणि मळीची दोन्हींची तपासणी केल्याशिवाय नाही. कन्हारला तर तिची गरजच नाही.

राहिला मृदा आरोग्य पत्रिकेवरचा आंधळा विश्वास. २०१५ साली सुरू झालेल्या या पत्रिकेत बारा घटक असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं. पोत त्यात नाही, निचराही नाही. पोताची चाचणी प्रयोगशाळेत वेगळी मागावी लागते. तोवर शेतातच मूठभर माती खडे काढून भिजवावी, मळून गोळा करावा आणि अंगठा व तर्जनीत दाबत तिची पट्टी काढावी. वाळूमिश्रित पोयट्याचा गोळा होतो, कानाजवळ चोळला तर करकरतो, आणि पट्टी इंचभर होण्याआधी तुटते. कन्हारची पट्टी दोन इंचांच्या पुढे जाते आणि बोटं चिकट होतात. ही परीक्षा वरच्या मातीची आणि दोन फूट खालच्या मातीची वेगवेगळी करावी, कारण वर मटासी आणि खाली चिकण थर असलेल्या जमिनी या भागात आहेत, आणि तिथला निचरा तो खालचा थर ठरवतो.