माओरी लोकांचें मूळ

एखाद्या समाजाचें मूळ कोणतें, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ विद्वानांच्या कुतूहलाचा वाटतो. न्यूझीलंडमधील माओरी लोकांच्या बाबतींत मात्र त्यांच्या जमिनीचा हक्क आणि प्रतिष्ठा हीं दोन्हीं त्याच्याशीं निगडित झालेलीं आहेत.

इ. स. १८८५ मध्यें एडवर्ड ट्रेगिअर या तेथील इंग्रज सरकारी अधिकाऱ्यानें 'दि आर्यन माओरी' हें पुस्तक प्रसिद्ध केलें. संस्कृत आणि माओरी शब्दांतील साम्य दाखवून माओरी हे आर्यवंशीय आहेत, असें त्यानें प्रतिपादिलें. या मताला एक सोईस्कर बाजूहि होती. माओरी आणि इंग्रज हे दूरचे भाऊबंद ठरले, म्हणजे परकी सत्ता तितकीशी परकी उरत नाहीं.

परंतु हें मत टिकलें नाहीं. शब्द सारखे ऐकूं आले एवढ्यानें भाषा एका कुळांतील ठरत नाहींत. त्यांच्या ध्वनींतील फरकहि नियमबद्ध असावा लागतो. पांच या संख्येस माओरी भाषेंत 'रिमा', तर हवाई बेटांच्या भाषेंत 'लिमा' म्हणतात; आकाशास माओरींत 'रंगी', तर हवाईंत 'लनी' म्हणतात. माओरींतील 'र'च्या जागीं हवाईंत 'ल' येतो, हा तो नियम. मलाय भाषेंतहि पांचाला 'लिमा'च म्हणतात. या भाषाकुळाचा माग काढीत गेल्यास तो तैवान बेटापर्यंत पोहोंचतो.

त्याच कुळांतील दर्यावर्दी लोक पूर्व पॉलिनेशियांतून इ. स. १२५० ते १३०० च्या सुमारास न्यूझीलंडला येऊन वसले. तारे, लाटांची दिशा आणि पक्ष्यांचें उड्डाण हेच त्यांचे वाटाडे. असा प्रवास हेतुपूर्वक झाला असेल, याविषयीं कित्येकांस शंका होती. १९७६ सालीं 'होकुलेआ' ही जुन्या धर्तीची जोडनौका उपकरणांवांचून हवाईहून ताहितीस पोहोंचली, तेव्हां त्या शंकेचा जोर ओसरला.

नवी भूमि थंड होती; नारळ तेथें रुजला नाहीं. मूळचें दक्षिण अमेरिकेंतील, पण पॉलिनेशियांत आधींच येऊन पोहोंचलेलें रताळें त्यांनीं मोठ्या कष्टानें जगविलें, आणि हिवाळ्यांत तें टिकावें म्हणून जमिनींत पेंवें खणलीं. हरकेके नांवाच्या लांब पात्याच्या वनस्पतीचे तंतु काढून त्यांनीं वस्त्रें विणलीं. सभागृह बांधलें तें पूर्वजाचा देह मानून. त्याचें आढें म्हणजे पाठीचा कणा आणि वांसे म्हणजे बरगड्या. माओरी संस्कृति म्हणून जी ओळखली जाते, ती अशी या बेटांवरच घडली.

त्यांना लिपि नव्हती. 'फाकापापा' म्हणजे वंशावळ मुखोद्गत असे. आकाशपिता रंगी आणि भूमाता पापा यांच्यापासून आरंभ करून, पूर्वज ज्या नौकेंतून आले तिचें नांव, आपला पर्वत व आपली नदी यांच्याशीं ती प्रत्येकाचें नातें जोडी. येथील वाचकास द्यावापृथिवींचें स्मरण होईल. पण एवढ्या साम्यावरून नातें जोडणें ही ट्रेगिअरचीच वाट होय.

१८४० सालीं वाइतांगी येथें इंग्रज सरकार आणि माओरी नायक यांच्यांत तह झाला. पुढें १८६५ सालीं माओरींच्या जमिनींसाठीं निराळें न्यायालय स्थापन झालें, आणि हक्क सिद्ध करण्यासाठीं त्याच्यापुढें ह्याच वंशावळी सांगाव्या लागल्या. परंतु जमातीच्या सामायिक जमिनीला व्यक्तींच्या नांवें सनदा मिळतांच ती विकली जाऊं लागली, आणि बहुतेक जमीन हातची गेली.

नुकसान सगळें भरून आलें नाहीं. तरी कांहीं परत मिळालें. वायराउ नदीच्या मुखाशीं अगदीं आरंभींच्या वसाहतीचीं दफनें उकरून अस्थि संग्रहालयांत नेल्या होत्या. २००९ सालीं त्या वंशजांच्या स्वाधीन होऊन पुन्हां तेथेंच पुरल्या गेल्या. २०१७ सालीं तेथील पार्लमेंटनें वांगानुई नदीस कायद्यानें व्यक्तीचा दर्जा दिला. नदी ही पूर्वज आहे, असें तीरावरचे माओरी पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले होते.